आजीच्या मुठेलावरची पांढरी पूड

गेल्या मे महिन्यात आमच्या राजापूरकडच्या घराचा माळा रिकामा केला. कौलं बदलायची होती, म्हणून वीस-पंचवीस वर्षांचं सामान एकदाचं खाली आलं. त्यात बिस्किटांचा एक जुना चौकोनी पत्र्याचा डबा निघाला. आत वर्तमानपत्राच्या घडीत एक मुठेल, कोकमाच्या बियांतल्या चरबीचा मुठीत वळलेला गोळा. काकूने घडी उलगडली, गोळा उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "अगो, ह्याला बुरशी आलीय. टाकून दे हो."

मी तो हातात घेतला. लिंबापेक्षा थोडा मोठा, लांबट गोळा. एका अंगाला चार बोटांचे खळगे, दुसऱ्या अंगाला तळव्याचा फुगवटा. आजीच्या करंगळीचं वरचं पेर वाकडं होतं, आणि त्या वाकड्या पेराचा खळगा मुठेलावर जसाच्या तसा होता. आजीला जाऊन सहा वर्षं झाली. हे तिने वळलेल्या शेवटच्या मुठेलांपैकी एक, म्हणजे माळ्यावरच्या कौलांखाली सात उन्हाळे काढलेलं.

वर पांढरी पूड होती खरी. कुठे ठिपके, कुठे सलग लेप, वाळलेल्या चुन्यासारखा. मी तळच्या बाजूला, जिथे बोटांची खूण नव्हती तिथे, अंगठा दाबून धरला आणि तीस आकडे मोजले. अंगठा उचलला तेव्हा तेवढ्या जागेवरची पूड गेली होती आणि खाली फिकट पिवळा, गुळगुळीत डाग चमकत होता. अंगठ्याला तेलकट पातळ थर. बुरशी अशी अंगठ्याखाली दबून तेलकट होत नाही. ही पूड म्हणजे मुठेलच होतं, पृष्ठभागावर येऊन नव्याने गोठलेलं.

माझी भाची शेजारी उभी होती. ती यंदा बारावीला आहे. "आत्या, मग इतकी वर्षं खवट कसं नाही झालं? आणि आतलं बाहेर आलं कसं?" तिचे दोन्ही प्रश्न इतके नेमके होते की मी सामान आवरायचं सोडून ओटीवर बसले. मी बावीस वर्षं तेलं आणि चरब्या तपासायचं काम करते. ज्या एका रेणूमुळे मला ह्या कामाची गोडी लागली तो रेणू त्या गोळ्यात होता. त्या दुपारी तिला जे सांगितलं ते, आणि नंतर घरी परतल्यावर जे करून पाहिलं ते, इथे लिहून ठेवते आहे.

घाटावरच्या वाचकांसाठी आधी मुठेल म्हणजे काय ते नीट सांगायला हवं. रातांबा म्हणजे कोकमाचं पिकलेलं फळ. त्याच्या सालाची आमसुलं होतात, रसाचं आगळ होतं, साखरेत सालं मुरवून अमृतकोकम होतं. राहतात त्या बिया. एका फळात पाच ते आठ. त्या बियांच्या आत जो गर असतो त्यातून निघणारी घट्ट चरबी म्हणजे कोकमतेल. ती मुठीत दाबून तिचे गोळे करतात म्हणून मुठेल. गोव्याकडे आणि सावंतवाडीकडे फळाला भिरंड म्हणतात, म्हणून तिथे तिला भिंडेल म्हणणारेही भेटतात. टाचांच्या भेगा, थंडीत फुटलेले ओठ, भाजलेलं बोट, तापलेले तळपाय: आमच्या घरात ह्या सगळ्यांवर एकच औषध होतं. लोखंडी पळीत मुठेलाचा तुकडा टाकायचा, चुलीच्या कडेला धरायचा, आणि सोसवेल इतकं गरम असतानाच भेगेत सोडायचं. भेग चरचरायची. सकाळपर्यंत कातडी मऊ पडलेली असायची.

पळी का लागायची, हेसुद्धा त्या रेणूतच आहे. चॉकलेट जिभेवर ठेवलं की विरघळतं, कारण कोकोची चरबी साधारण ३४ अंशांना वितळते. कोकमाची चरबी ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान वितळते. आपल्या हातापायांची कातडी ३२-३३ अंशांवर असते. म्हणून नुसतं मुठेल टाचेवर घासलं तर ते चटकन पसरत नाही, बराच वेळ चोळावं लागतं. मात्र एकदा लावलं की उन्हात चाललं तरी ते घामाबरोबर ओघळून जात नाही. आजीला अंशांचं गणित ठाऊक नव्हतं. पळी ठाऊक होती.

आता बिया. रातांबे फोडायचे दिवस आले की आमच्या अंगणात चार बायका बसायच्या आणि संध्याकाळी सगळ्यांचे हात मनगटापर्यंत तांबडे. सालं एका बाजूला, गरासकट बिया दुसऱ्या बाजूला. बियांचा चिकट गर चुलीतली राख लावून चोळून काढायचा, मग पाण्याने धुवायच्या आणि खळ्यात उन्हात पसरायच्या. कडकडीत वाळल्या की दगडाने हलकेच ठेचून टरफल काढायचं, सुपाने पाखडायचं, आतला गर वायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, मुसळाने कांडायचा. ही कांडणी मला सगळ्यात आवडायची. पहिल्यांदा कोरडा आवाज येतो, मग गराला तेल सुटायला लागतं आणि आवाज जड होतो. शेवटी मुसळ वर उचलताना थोडं चिकटतं. तेव्हा आजी म्हणायची, "पुरे हो आता."

हा लगदा मोठ्या पातेल्यात पाण्याबरोबर उकळायचा. उकळत्या पाण्याने पेशी फुटतात, चरबी मोकळी होते आणि पाण्याहून हलकी असल्याने वर तरंगते. ती पळीने वरच्यावर काढून पितळी टोपात घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपात घट्ट पिवळसर चकती तयार. ती पुन्हा वितळवून फडक्याने गाळायची आणि निवत ठेवायची. मग येतो तो क्षण, ज्याच्यासाठी आजी कोणाला हात लावू द्यायची नाही. चरबी पातळही नसते आणि घट्टही नसते, सैल लोण्यासारखी असते. त्याच वेळी ती पसापसा घेऊन मुठीत मळायची आणि दाबायची. "अगो, घाई नको करूस. अजून जड झालं नाही." मी लहानपणी विचारायचे, जड म्हणजे काय? ती म्हणायची, हाताला कळतं.

बीच्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा चरबी असते. चार किलो बियांतून हाताने काढलं तर किलोभर कधीच मिळत नाही, कारण पेंडीत बरीच राहून जाते. पण बिया फुकटच्या असतात. आमसुलांसाठी फळं फोडली की त्या उरतातच.

आणि आता तो रेणू. कुठलंही तेल, तूप, चरबी घ्या, ते मुख्यतः मेदाम्लांचं, म्हणजे कार्बनच्या लांब साखळीच्या आम्लांचं, एस्टर असतं. एस्टर म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांनी पाण्याचा एक रेणू बाहेर टाकून बांधलेली गाठ. इथे अल्कोहोल म्हणजे ग्लिसरॉल. त्याची तीन कार्बनची छोटी साखळी, प्रत्येक कार्बनवर एकेक हात. तीन हातांना तीन मेदाम्लं बांधली की झालं ट्रायग्लिसराइड. फ्रान्समध्ये मिशेल शव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साबण आम्लाने फोडून आतली मेदाम्लं वेगळी काढली आणि चरबी म्हणजे मेदाम्लं अधिक ग्लिसरॉल हे दाखवून दिलं. १८२३ साली त्याचं सगळं काम पुस्तकरूपाने आलं. १७८६ साली जन्मलेला हा माणूस १८८९ पर्यंत जगला. माझ्या टेबलावर रोज ज्या तपासण्या होतात त्यांच्या मुळाशी त्याचं काम आहे, म्हणून त्याचं नाव मी आदराने घेते.

कोकमाच्या चरबीत दोनच मेदाम्लांचं राज्य आहे. एक स्टिअरिक, दुसरं ओलेइक. स्टिअरिक साधारण ५५ ते ६० टक्के, ओलेइक ३५ ते ४०. बाकीची सगळी मिळून थोडीशी. दोन्हींत १८ कार्बन. फरक फक्त दोन हायड्रोजनचा. स्टिअरिकची साखळी संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली, सरळ, काठीसारखी. ओलेइकमध्ये नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आहे, आणि तिथे साखळीला बाक आला आहे. काठ्यांचा भारा घट्ट बांधता येतो, वाकड्या फांद्यांचा येत नाही. म्हणून स्टिअरिक आम्ल ६९ अंशांपर्यंत घट्ट राहतं आणि ओलेइक १३ अंशांनाच पातळ होतं. एक बाक, आणि ५६ अंशांचा फरक. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी वही मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते, अजून आठवतं.

ग्लिसरॉलच्या तिन्ही हातांना स्टिअरिक बांधलं तर ती चरबी ७३ अंशांपर्यंत वितळत नाही. ती कातडीवर लावणं म्हणजे मेणबत्ती घासणं. तिन्ही हातांना ओलेइक बांधलं तर ५ अंशांनाच तेल. कोकमाच्या बीने मधला मार्ग कसा काढला? बाहेरच्या दोन हातांना स्टिअरिक आणि मधल्या हाताला ओलेइक. ५७ कार्बन, १०८ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. प्रयोगशाळेत आम्ही त्याला एसओएस म्हणतो: स्टिअरिक, ओलेइक, स्टिअरिक. कोकमाच्या चरबीत निम्म्याहून बराच जास्त भाग ह्या एकाच रेणूचा आहे. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल घेतलं तर त्यात अनेक प्रकारच्या रेणूंची खिचडी असते. कोकमाची चरबी त्या मानाने विलक्षण एकजिनसी, आणि म्हणून तिचं वागणं इतकं ठाम.

हा रेणू मला आकड्यांत भेटला. साबणीकरण अंक म्हणजे एक ग्रॅम चरबीच्या सगळ्या एस्टर-गाठी सोडवायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं तो आकडा. शुद्ध एसओएसचा रेणूभार सुमारे ८८९.५, गाठी तीन, म्हणून गणिताने उत्तर येतं १८९. चांगलं कोकमतेल तपासलं की आकडा ह्याच्याच आसपास घोटाळतो. घरी साबण करणाऱ्यांसाठी सांगते: त्याच हिशेबाने १०० ग्रॅम मुठेलाला साधारण १३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. त्याहून थोडा कमीच घ्या, म्हणजे साबणात थोडं मुठेल शिल्लक राहील. दुसरा आकडा आयोडीनचा, तो दुहेरी बंध मोजतो. शुद्ध एसओएसला २८ ते २९ यायला हवा. प्रत्यक्षात कोकमतेलाचा पस्तिशीच्या आसपास येतो, कारण दोन ओलेइक आणि एक स्टिअरिक अशा भावंडांचाही त्यात वाटा असतो. हीच भावंडं उन्हाळ्यात आधी मऊ पडतात. ती पुढे कामाला येणार आहेत.

खवट न होण्याचं कारणही इथेच आहे. तेल खवट होतं ते दोन वाटांनी. एक वाट हवेतल्या ऑक्सिजनची. ऑक्सिजनला आवडतात दोन-तीन दुहेरी बंध असलेली मेदाम्लं, करडई-सूर्यफुलात असतात तशी. कोकमात ती जवळपास नाहीतच. रेणूमागे एकच बंध, तोही दोन स्टिअरिकच्या मध्ये. दुसरी वाट पाण्याची. पाण्याने एस्टरची गाठ उलटी सुटते, पण नुसत्या पाण्याने ती सुटायला युगं लागतील. बीमध्ये लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते हे काम झटपट करतं. रुजणाऱ्या कोंबाला खायला मिळावं म्हणून निसर्गाने दिलेलं ते. आजी लगदा तासभर उकळायची तेव्हा हे विकर निकामी व्हायचं, आणि गाळून गोळे वळले की पाणीही जायचं. गाठी सोडवायला कोणी उरायचं नाही.

एका वर्षी मात्र वळीव लवकर आला. मी सहावी-सातवीत असेन. खळ्यातल्या अर्धवट वाळलेल्या बिया भिजल्या, घाईने पडवीत ढीग केला आणि लग्नघाईत चार-पाच दिवस कोणी बघितलं नाही. त्या वर्षीचं मुठेल पिवळट, उग्र वासाचं झालं आणि ओठांना लावलं की चुरचुरायचं. आजीने ते सगळं दिव्यात जाळलं. बी ओली राहिली, तिला वाटलं रुजायची वेळ आली, आणि लायपेजने गाठी सोडायला सुरुवात केली. मोकळं झालेलं मेदाम्ल उकळून जात नाही. आज आमच्याकडे कच्चा माल आला की पहिली तपासणी मोकळ्या आम्लाचीच होते, आणि आकडा जास्त दिसला की मला ती पडवी आठवते.

भाचीने मध्येच विचारलं, "पण झाडाला कसं कळतं मध्ये ओलेइक ठेवायचं?" ह्या प्रश्नासाठी मी तिला काकूकडून एक सोलकढी जास्त मिळवून दिली.

बियांमध्ये ग्लिसरॉलच्या प्रत्येक हाताला मेदाम्ल बांधणारं विकर वेगळं आहे. मधल्या हाताचं विकर बाक असलेली साखळीच पसंत करतं, स्टिअरिकला सहसा शिवत नाही. हे बहुतेक वनस्पतींमध्ये असंच. कोकमाचं खरं वैशिष्ट्य आहे ते इतकं स्टिअरिक जमवण्यात. इतर तेलबियांत स्टिअरिक तयार होताच दुसरं एक विकर त्यातले दोन हायड्रोजन काढून त्याचं ओलेइक करून टाकतं. म्हणून शेंगदाण्यात, मोहरीत स्टिअरिक नावालाच सापडतं. कोकमाच्या कुळात, म्हणजे गार्सिनियात, एक कात्रीसारखं विकर स्टिअरिकला त्या आधीच मोकळं करतं. कोकमाचं चुलत भावंड असलेल्या मँगोस्टीनच्या बीतून ही कात्री अमेरिकेतल्या संशोधकांनी शोधली, तिचं जनुक कॅनोला मोहरीत घातलं, आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात मोहरीच्या तेलातलं स्टिअरिक २२ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. आपल्या रातांब्याच्या बीत ते कोणी न घालता पन्नाशी ओलांडतं.

आईच्या दुधात ही मांडणी नेमकी उलटी असते, तेही भाचीला सांगितलं. तिथे मधल्या जागेवर संपृक्त पामिटिक आम्ल आणि बाहेर बहुधा ओलेइक. बाळाच्या आतड्यातलं विकर बाहेरची दोन मेदाम्लं कापतं आणि मधलं तसंच ग्लिसरॉलला बांधलेलं राहून सहज शोषलं जातं. मोकळं पामिटिक कॅल्शियमशी जुळून साबण झाला असता आणि वाया गेला असता. बीला रोप वाढवायचं आहे, आईला बाळ. तीच दोन-तीन आम्लं, बसवायची जागा वेगळी.

एसओएस फक्त कोकमातच राहतो असं नाही. आंब्याच्या कोयीत आहे, सालवृक्षाच्या बीत आहे, आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बीत आहे, कोकोतही आहे, पण कोकोत पामिटिक-ओलेइक-स्टिअरिक हा मिश्र रेणू पुढे असतो. म्हणून ह्या सगळ्या चरब्या एकमेकींत मिसळतात, भांडत नाहीत. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटच्या नियमात कोकोखेरीज ज्या सहा वनस्पतिज चरब्या पाच टक्क्यांपर्यंत चालतात, त्यांत साल आणि आंब्याची कोय यांच्याबरोबर आपलं कोकम नावानिशी आहे. आणि इकडे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता', 'कोकण हातीस' अशा जाती दिल्या, आमसुलांचा धंदा वाढला, तरी कितीतरी वाड्यांतून बिया उकिरड्यावर जाताना मी दर जूनमध्ये पाहते. मला त्याचं फार वाईट वाटतं. मागच्या वर्षी मी शहरातल्या एका दुकानातून 'शुद्ध कोकम बटर' आणलं. मऊ होतं, वास नव्हता. तपासलं तर ३४ अंशांनाच वितळलं आणि आयोडीन अंक ५० च्या पुढे. त्यात काय मिसळलं होतं ते शोधायला मला वेळ झाला नाही. पण मुठेलाच्या नावावर कोणी दुसरंच काही विकतो आणि खरं मुठेल उकिरड्यात कुजतं, हे पाहून त्या दिवशी मी जेवले नाही.

आता पांढऱ्या पुडीकडे.

एसओएसचा एक स्वभाव आहे: तो गोठताना एकाच रीतीने गोठत नाही. हिरोशिमा विद्यापीठातले कियोताका सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली त्याचे पाच स्फटिकप्रकार मांडले. एकदम गार केलं तर अल्फा होतो, ढिला, २३-२४ अंशांनाच वितळणारा. मग गॅमा, बीटा-प्राइम, आणि शेवटी बीटाचे दोन, त्यातला सर्वांत स्थिर ४३ अंशांपर्यंत टिकणारा. रेणू तोच, गाठी त्याच, फक्त बसण्याची रीत बदलते. बीटामध्ये स्टिअरिकच्या काठ्या एका थरात आणि वाकडे ओलेइक त्यांच्या वेगळ्या थरात बसतात. लग्नाच्या पंगतीत जशी सुरुवातीला सरमिसळ असते आणि जेवण लांबलं की ज्याचे त्याचे सगेसोयरे शेजारी सरकतात, तसं. सरकायला वेळ लागतो, आणि थोडी ऊब लागते.

हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकले. पाच-सहा वर्षांपूर्वी मी नात्यातल्या एका लग्नात वाटायला मुठेलाचं मलम केलं: मुठेल, थोडं खोबरेल, थोडं मधमाश्यांचं मेण. साठ डब्या भरल्या आणि एप्रिलमध्ये ओट्यावर ठेवल्या. दिवसा ओटा तापायचा, रात्री निवायचा. आठवड्याने डबी उघडली तर मलमात वाळूसारखे बारीक कण, बोटाला टोचणारे. साठच्या साठ डब्या परत वितळवल्या. दिवसाच्या उष्णतेने मऊ भाग विरघळत होता, जे थोडे स्थिर स्फटिक उरत होते ते रात्री हळूहळू त्याच मऊ भागातून खाऊन मोठे होत होते. तुपात हेच झालं तर आपण कौतुकाने रवाळ तूप म्हणतो. तूपसुद्धा सावकाश निववलं तरच रवा धरतं.

मग मला आजीचं 'जड झालं नाही' कळलं. चरबी सैल लोण्यासारखी असते तेव्हा तिच्यात स्फटिकांचे असंख्य बारीक कण नुकतेच जन्मलेले असतात. त्या वेळी मुठीत मळलं की ते मोडतात, पसरतात, प्रत्येक तुकडा नव्या स्फटिकाचं बीज होतो, आणि तळव्याच्या उबेत ढिले प्रकार टिकत नाहीत. चॉकलेटवाले संगमरवरी फळीवर चॉकलेट पसरून घोळतात ते ह्याचसाठी. आजीची फळी म्हणजे तिचा तळवा. त्यानंतर मी मलम करताना ते ढवळत ढवळत निववते, दुधाळ आणि जड झालं की मगच डबीत ओतते. एकही डबी रवाळ झाली नाही.

आणि माळ्यावर सात उन्हाळे? कौलांखाली मे महिन्यात चाळीशीजवळ पारा जात असणार. गोळ्यातली ती मऊ भावंडं, दोन ओलेइकवाली, दर उन्हाळ्यात पातळ व्हायची, सोबत थोडा एसओएस विरघळवून घ्यायची, बारीक फटींतून पृष्ठभागावर यायची आणि निवताना तिथे तो स्थिर, पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात सोडून द्यायची. जुन्या चॉकलेटवर येतो तोच पांढरेपणा. गोळ्याचा आकार मोडला नाही, कारण गाभ्यातला बराचसा भाग तोपर्यंत बीटात जाऊन पक्का बसला होता.

हे ओटीवर सांगून झालं, पण खरं आहे का ते पाहायला हवं होतं. मी तळाच्या बाजूने ब्लेडने तांदळाच्या दाण्याएवढा भुगा खरवडून बाटलीत घेतला. काकूने बिस्किटांचा डबा परत माझ्याच पिशवीत ठेवला.

घरी काचेच्या केशनळ्या आहेत. चरबीचा सरकबिंदू काढायची नेहमीची रीत अशी: चरबी वितळवायची, नळीत एक सेंटिमीटर चढवायची, रात्रभर थंडीत ठेवायची, मग थर्मामीटरला बांधून पाण्यात हळूहळू तापवायची. ज्या अंशाला चरबी नळीत वर सरकते तो बिंदू. पण ह्या रीतीत पहिलंच पाऊल वितळवण्याचं आहे. एकदा पूर्ण वितळलं की सात उन्हाळ्यांत रेणूंनी धरलेल्या जागा पुसल्या जातात. म्हणून अर्धा भुगा न वितळवता, कोरडाच, नळीत ठासून भरला. दुसरा अर्धा वितळवून, फ्रिजमध्ये झटकन गार करून, दोन तासांनी तपासला. भाची व्हिडिओ कॉलवर बघत होती आणि अंश मोठ्याने वाचत होती.

वितळवलेला नमुना ३० च्या आतच घामेजायला लागला आणि ३७ ला पारदर्शक झाला. कोरडा भुगा ३७ ला पांढरा होता, ३९ ला पांढरा होता. "चाळीस, आत्या. एक्केचाळीस." कडा ओलसर दिसायला लागल्या. ४२ च्या थोडं पुढे गेल्यावर नळी स्वच्छ झाली.

त्याच गोळ्याची, त्याच रेणूंची चरबी. पाच अंशांचा फरक फक्त त्यांनी काढलेल्या दिवसांचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघींनी गावी जाऊन अडीच किलो बियांचं मुठेल केलं. काकूने वायन धुऊन दिलं. भाचीने चार गोळे वळले, पहिले दोन घाईत, पुढचे दोन बरे. टाचांसाठी, ओठांसाठी, पळीत टाकण्यासाठी आता ती आहेत. आजीचं मुठेल मी कागदात गुंडाळून, घरातल्या सगळ्यात गार कोनाड्यात, मातीच्या बरणीत ठेवलं आहे. करंगळीचा खळगा वरच्या बाजूला येईल असं.